सिकलसेल तपासणी: गढूळ नळी पाहून अहवाल देऊ नका

सिकलसेलच्या तपासणीचा अहवाल ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ अशा एका शब्दात हाती आला, तर तो अपुरा आहे असं खुशाल समजावं. या आजारात विचारायचे प्रश्न निदान तीन आहेत. रक्तात हिमोग्लोबिन एस, म्हणजे तांबड्या पेशींना विळ्याचा आकार आणणारं बदललेलं हिमोग्लोबिन, आहे का? असेल, तर ती व्यक्ती वाहक (एस एकाच पालकाकडून आलेली, स्वतः आजारी नसलेली) आहे की रुग्ण? आणि एस नसेलच, तर एसच्या जोडीला येऊन पुढच्या पिढीत आजार उभा करेल असं दुसरं काही तिच्यात आहे का, म्हणजे बीटा थॅलेसेमिया (हिमोग्लोबिनमधली बीटा ग्लोबिन साखळी कमी बनण्याचा दोष) किंवा हिमोग्लोबिनचे डी, सी, ओ-अरब हे बदललेले प्रकार? शिबिरांत सर्रास वापरली जाणारी सोल्युबिलिटी टेस्ट (हिमोग्लोबिन द्रावणात विरघळतं का, ते नळीत पाहणारी) यातल्या फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, तेही सगळं नीट जमून आलं तर. तरी तिच्या निकालावर लोकांच्या हातात कार्डं पडतात, सोयरिकी जुळतात आणि मोडतात, खेळाडू संघात राहतात किंवा बाहेर बसतात. आमचं म्हणणं असं की ही टेस्ट टाकून देऊ नये, तिची जागा बदलावी. पहिल्या पायरीवर एकटीने उभं राहण्याचा तिचा वकूब नाही. दुसऱ्या पद्धतीच्या जोडीला मात्र ती चोख काम करते. तिच्या एकटीच्या भरवशावर कुणाच्याही नावाचा अहवाल निघता कामा नये.

हे का म्हणायचं, ते समजायला नळीत नेमकं काय घडतं ते पाहावं लागेल. बीटा ग्लोबिन साखळीच्या सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं की हिमोग्लोबिन एस तयार होतं. हे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या गतीने सरकतं, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवलं. नेमका बदल कुठला, हे पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी शोधलं. ऑक्सिजन सुटला की या हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांबच लांब धागे बनतात. ऑक्सिजन काढून घेतलेलं हे हिमोग्लोबिन तीव्र फॉस्फेट द्रावणात जेमतेम विरघळतं, हे हार्वे इटानो यांनी १९५३ मध्ये मांडलं. सोल्युबिलिटी टेस्ट या एकाच गुणावर उभी आहे. विरघळलं नाही की द्रावण गढुळतं आणि नळीमागच्या रेघा दिसेनाशा होतात.

द्रावणाची पाककृती जुनीच आहे. एक लिटरमध्ये निर्जल डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट २१५ ग्रॅम, निर्जल पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १६९ ग्रॅम, सोडियम डायथायोनाइट ५ ग्रॅम, सॅपोनिन १ ग्रॅम. क्रमही हाच ठेवायचा: आधी पहिलं फॉस्फेट पूर्ण विरघळवायचं, मग दुसरं, मग डायथायोनाइट आणि शेवटी सॅपोनिन. सॅपोनिन पेशी फोडतं, डायथायोनाइट ऑक्सिजन खेचून घेतं. नळीत २ मिलिलिटर द्रावण घ्यायचं आणि ते खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. त्यात ईडीटीए ट्यूबमधलं (रक्त गोठू न देणाऱ्या नळीतलं) रक्त सेंट्रिफ्यूज करून खाली बसलेल्या तांबड्या पेशी १० मायक्रोलिटर सोडायच्या, ढवळून ५ मिनिटं ठेवायचं. मग बारीक काळ्या रेघा आखलेलं पांढरं कार्ड नळीच्या मागे अडीच सेंटिमीटरवर धरून वाचायचं. रेघा अंधूक झाल्या तर नळी सेंट्रिफ्यूजमध्ये १२०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १२०० पट) जोराने ५ मिनिटं फिरवायची. एस असेल तर वर गडद लाल पट्टा जमतो आणि खालचं द्रावण फिकट गुलाबी किंवा रंगहीन राहतं. फिरवण्याची ही शेवटची पायरी शिबिरात हमखास गाळली जाते, आणि नेमकी तीच संशयास्पद गढूळपणाचा निवाडा करणारी असते.

दुसरी गाळली जाणारी गोष्ट म्हणजे पेशी वेगळ्या करणं. गर्दीत कुणाला वेळ आहे? बोट टोचायचं आणि थेंबभर रक्त थेट नळीत. या एका सवलतीतून चुकांचे दोन दरवाजे उघडतात. तपासणीला आलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन ६-७ ग्रॅमवर असेल, तर त्याच्या थेंबात निरोगी माणसाच्या निम्म्याच पेशी उतरतात. नळीतलं एस कमी पडतं, रेघा स्वच्छ दिसतात आणि ‘निगेटिव्ह’ची नोंद होते. म्हणजे ज्या आजाराने रक्त कमी होतं तो शोधायला आपण अशी टेस्ट वापरतो, जी रक्त कमी असलं की आंधळी होते! संपूर्ण रक्तच वापरायचं असेल तर हिमोग्लोबिन आधी मोजावं आणि ते ७ ग्रॅमच्या खाली असल्यास रक्ताचं प्रमाण दुप्पट करावं, एवढी तरी काळजी हवी. दुसरा दरवाजा उलट दिशेचा. रक्तद्रवात चरबी किंवा प्रथिनं फार असतील, पांढऱ्या पेशी बेसुमार वाढलेल्या असतील, तर एस नसतानाही द्रावण गढूळ दिसतं. रक्त जास्त पडलं किंवा सॅपोनिन कमी पडून पेशी नीट फुटल्या नाहीत, तरी तेच. पेशी वेगळ्या करून घेतल्या की यातल्या बऱ्याच भानगडी मुळातच टळतात.

मग द्रावणाची गोष्ट. डायथायोनाइट हवेशी आणि ओलाव्याशी वैर धरणारं रसायन आहे. डबा वारंवार उघडला, झाकण सैल राहिलं, की पावडरीत गुठळ्या धरतात आणि तिची ताकद जाते. तयार केलेलं द्रावण फ्रिजमध्येसुद्धा आठवडाभरच खात्रीचं. आणि फ्रिजमधून काढून लगेच वापरलं तर वेगळाच घोळ होतो. एसचे धागे गारव्यात नीट जमत नाहीत, त्यामुळे थंड द्रावणात खरा वाहकही स्वच्छ दिसू शकतो. या सगळ्यावर एक इलाज पूर्वीपासून माहीत आहे: प्रत्येक खेपेला एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे निकाल आधीच माहीत असलेला नमुना, लावायचा. पण पॉझिटिव्ह कंट्रोल कुणाचा? इथे बहुतेकांचं लक्ष नसतं. रुग्णाचं, म्हणजे एसएस (दोन्ही पालकांकडून एस आलेलं) रक्त सहज मिळतं, कारण रुग्ण दवाखान्यात येतच असतो. आणि त्याची नळी झकास गढूळ होते. पण त्या रक्तात ८० टक्क्यांहून जास्त एस असतं. द्रावण अर्धं मेलेलं असलं तरी ती नळी गढूळ होणार. आपल्याला ज्याला पकडायचं आहे तो वाहक, त्याच्यात एस साधारण ३५ ते ४५ टक्के. सोबत अल्फा थॅलेसेमिया (अल्फा साखळी कमी बनण्याचा दोष) असेल तर ३० टक्क्यांच्याही खाली. म्हणून कंट्रोल एएस, म्हणजे वाहकाच्या, रक्ताचाच हवा. एसएसच्या कंट्रोलवर विसंबलेली प्रयोगशाळा रोज सकाळी स्वतःचीच समजूत काढत असते.

आणि हे सगळं जमलं तरी काही लोकांत ही टेस्ट चालतच नाही. सहा महिन्यांखालचं मूल हे त्यातलं मुख्य उदाहरण. जन्मतः रक्तात मोठा वाटा हिमोग्लोबिन एफचा, म्हणजे गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनचा, असतो, एस थोडं असतं आणि एफ त्याचे धागे जमू देत नाही. पुढे आजारी पडणारं बाळ या वयात बिनदिक्कत ‘निगेटिव्ह’ निघतं. नुकतंच रक्त चढवलेला रुग्णही असाच निसटतो, कारण नळीत त्याच्यापेक्षा रक्तदात्याचंच रक्त जास्त असतं. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे रक्त चढवल्यावर तीन-चार महिने थांबावं किंवा थेट जनुक तपासावं. हा प्रश्न, ‘गेल्या चार महिन्यांत रक्त चढवलंय का?’, तपासणीच्या अर्जावर छापलेला असला पाहिजे. तो नसेल, तर कितीही महागडं यंत्र असलं तरी उपयोग नाही. एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावरही रक्त चढवलेला एसएस रुग्ण वाहकासारखा दिसू शकतो.

समजा सगळं काही आदर्श झालं आणि नळी खरोखर एसमुळेच गढूळ झाली. तरी काय कळलं? वाहक (एएस), रुग्ण (एसएस), एस आणि बीटा थॅलेसेमिया, एस आणि डी, एस आणि सी या सगळ्यांची नळी गढूळच होते. एका माणसाला उपचार हवे आहेत, दुसऱ्याला फक्त लग्नाआधी जोडीदाराची तपासणी करून घ्यायची आहे, आणि दोघांच्या कागदावर एकच शब्द. निगेटिव्ह नळी तर त्याहून फसवी. बीटा थॅलेसेमियाच्या वाहकाची नळी अगदी स्वच्छ दिसते. त्याचं लग्न एसच्या वाहकाशी झालं तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता अशी, की मूल एस-बीटा थॅलेसेमिया घेऊन जन्मेल. हिमोग्लोबिन डी-पंजाबचंही असंच. अशा माणसाला ‘तुम्हाला काही धोका नाही’ असं सांगणं हे अर्धवट माहितीवर दिलेलं पूर्ण आश्वासन झालं.

आता आकड्यांकडे. किटच्या खोक्यावर ‘अचूकता ९९ टक्के’ छापलेलं असतं. ही अचूकता काढताना नमुने कुठले होते, हा पहिला प्रश्न विचारावा. रुग्णालयातले ठसठशीत एसएस रुग्ण एकीकडे आणि निरोगी रक्तदाते दुसरीकडे घेतले, तर कुठलीही टेस्ट उजळ दिसते. शिबिरात मात्र रक्त कमी असलेल्या बायका, लहान मुलं, कमी एस असलेले वाहक असे सगळे येतात.

खोक्यावरचा आकडा खरा धरला तरी तो पुरत नाही. समजा टेस्ट १०० वाहकांपैकी ९७ पकडते आणि १०० निरोगी लोकांपैकी ९८ जणांना बरोबर निगेटिव्ह ठरवते. १०,००० लोकांच्या एका वस्तीत वाहक २० टक्के आहेत. २,००० वाहकांपैकी १,९४० सापडतील, आणि ८,००० निरोगी लोकांतले १६० चुकून पॉझिटिव्ह ठरतील. म्हणजे पॉझिटिव्ह कागद मिळालेल्या १०० जणांपैकी ९२ जण खरे. ठीक आहे. तीच टेस्ट, तेच किट, तोच तंत्रज्ञ घेऊन वाहक २ टक्केच असलेल्या वस्तीत जा. तिथे २०० पैकी १९४ वाहक सापडतात, पण ९,८०० निरोगी लोकांतले १९६ जण पॉझिटिव्ह ठरतात. निम्म्याहून जास्त पॉझिटिव्ह कागद खोटे! टेस्ट बदललेली नाही, फक्त जागा बदलली. जास्त प्रमाण असलेल्या भागातला अनुभव सांगून ‘आमच्याकडे तर टेस्ट छान चालते’ म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर मांडून पाहावं.

सुटलेल्या वाहकांचंही असंच. वाहक शोधण्याचा हेतू जोडपं शोधण्याचा असतो. दोघंही वाहक आहेत हे कळायला दोघंही पकडले गेले पाहिजेत. टेस्ट १०० पैकी ९५ वाहक पकडत असेल, तर दोघंही पकडले जाण्याची शक्यता ९५ गुणिले ९५, म्हणजे ९० टक्क्यांच्या जेमतेम वर. दर दहा धोक्याच्या जोडप्यांपैकी जवळपास एक जोडपं ‘निगेटिव्ह’च्या खात्रीवर निर्धास्त होतं. कार्यक्रमाच्या अहवालात मात्र टेस्ट ९५ टक्के चांगली अशीच नोंद राहते. आणि तीच टेस्ट परत करून हा तोटा भरून निघेल असं समजू नये. चूक योगायोगाने झाली असेल तर ती दुसऱ्यांदा सुधारेल. पण ती रक्त कमी असल्यामुळे किंवा एस मुळात कमी असल्यामुळे झाली असेल, तर दुसरी नळीही पहिलीसारखीच स्वच्छ दिसणार.

या निर्धास्तपणाची किंमत कुणाला मोजावी लागते? मूल एसएस निघतं, आईच्या कार्डावर ‘वाहक’, बापाच्या कार्डावर ‘निगेटिव्ह’. घरातला पहिला संशय द्रावणावर जात नाही, बाईवर जातो. प्रयोगशाळेतल्या शिळ्या डायथायोनाइटचा हा परिणाम कुठल्याही गुणवत्ता-तक्त्यात नोंदला जात नाही. अशा वेळी समुपदेशकाने सर्वांत आधी करायचं काम म्हणजे बापाचं रक्त दुसऱ्या पद्धतीने तपासून घेणं, आणि तोवर तोंडातून एक शब्दही न काढणं.

चुकीच्या किंवा अर्धवट शिक्क्याचं काय होतं, हे इतिहासात पुरेसं नोंदलेलं आहे. अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अनेक राज्यांनी घाईघाईने सिकलसेल तपासणीचे कायदे केले. त्यांत वाहक आणि रुग्ण यांची सरमिसळ होती, समुपदेशनाची सोय तोकडी होती, आणि ज्यांना काही आजार नव्हता अशा वाहकांना नोकरी आणि विमा मिळताना अडथळे आले. १९७२ मध्ये संघराज्याचा कायदा आला, त्याने तपासणी ऐच्छिक ठेवण्यावर भर दिला. तिथल्या हवाई दलाच्या प्रबोधिनीने तर १९८१ पर्यंत वाहकांना प्रवेश दिला नव्हता. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस गावातही १९७०च्या आसपास लग्नाआधी वाहक ओळखण्याचा प्रयोग झाला. वाहक ठरलेल्यांवर कलंक बसला आणि काही कुटुंबांनी ती गोष्ट लपवली. तिथे टेस्ट चुकली नव्हती. टेस्ट बरोबर असूनही हे होतं. मग ती चुकीची असताना किंवा तिचा अर्थ कुणी सांगत नसताना काय होत असेल, हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने २०१० पासून पहिल्या श्रेणीच्या खेळाडूंना सिकलसेल वाहक-तपासणी करून घेणं, जुना निकाल दाखवणं किंवा नकाराच्या कागदावर सही करणं बंधनकारक केलं. २०१२ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीने या सक्तीला जाहीर विरोध केला. उन्हात सराव करताना पाणी, विश्रांती, हळूहळू वाढवलेला जोर ही काळजी सगळ्याच खेळाडूंसाठी घेतली, तर वाहकांनाही तिचं संरक्षण मिळतं, आणि कुणाच्या कपाळावर शिक्का मारावा लागत नाही. हा युक्तिवाद आम्हाला पटतो. जिथे तपासणी न करताही तेच संरक्षण देता येतं, तिथे कच्च्या टेस्टचा आग्रह कशाला?

‘मग सगळ्यांची एचपीएलसी करा’ असं म्हणून हा प्रश्न सुटत नाही. एचपीएलसी फार पुढची पद्धत आहे, यात वाद नाही. प्रत्येक हिमोग्लोबिन स्तंभातून किती वेळाने बाहेर पडतं यावरून ती ए (मोठ्यांचं नेहमीचं हिमोग्लोबिन), एफ, ए-२ (मोठ्यांतलंच, पण थोडंसं असणारं) आणि एस यांची टक्केवारी देते, थॅलेसेमियाचा वाहकही दाखवते. वाहकात ए नेहमी एसपेक्षा जास्त असतं. एस जास्त आणि ए कमी दिसलं की एस-बीटा प्लस थॅलेसेमियाचा (एसच्या जोडीला थोडं ए बनू देणारा थॅलेसेमिया) विचार करावा लागतो. एवढा भेद गढूळ नळी कधीच करणार नाही. पण यंत्राच्या कागदावर ‘एस’ छापून आलं म्हणजे ते एसच असतं असं नाही. यंत्र फक्त सांगतं की अमुक वेळेच्या खिडकीत काहीतरी बाहेर पडलं. त्या खिडकीच्या आसपास इतरही दुर्मीळ हिमोग्लोबिन येतात. हिमोग्लोबिन ई थेट ए-२ च्या खिडकीत शिरतं. एस असताना ए-२ चा आकडा फुगतो, कारण एसचेच बदललेले काही रेणू ए-२ सोबत बाहेर पडतात. त्यामुळे फुगलेल्या ए-२ वरून एस-बीटा थॅलेसेमियाचं निदान ठोकणं धोक्याचं. आधीच्या नमुन्यात एस भरपूर असेल तर त्याचा अंश पुढच्या नमुन्यात उतरू शकतो. म्हणून १-२ टक्के एस दिसलं की आधीचा नमुना कुणाचा होता ते पाहायचं आणि परत चालवायचं.

हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात सरकवून वेगळं करणाऱ्या जुन्या इलेक्ट्रोफोरेसिसचीही हीच मर्यादा. पीएच ८.४ ते ८.६ च्या पट्टीवर एस, डी आणि जी एकाच जागी येऊन बसतात. सी, ई आणि ओ-अरब दुसऱ्या जागी. त्यांना वेगळं करायला आम्लधर्मी, पीएच ६ च्या आसपासची अगार पट्टी लागते, जिथे डी आणि जी हे एची साथ धरतात आणि एस वेगळं राहतं. म्हणूनच या क्षेत्रातला नियम असा, की वेगळ्या तत्त्वावर चालणाऱ्या दोन पद्धतींनी एकच उत्तर दिल्याशिवाय हिमोग्लोबिनचं नाव लिहायचं नाही. आणि सोल्युबिलिटी टेस्टची खरी जागा इथेच आहे. एचपीएलसीवर मोठ्या माणसाच्या रक्तात एसच्या खिडकीत ३८ टक्क्यांचा उंचवटा आला आणि नळीही गढूळ झाली, तर ते एसच, हे जवळपास पक्कं. कारण डी गढूळ होत नाही. ‘जवळपास’ एवढ्यासाठी, की सी-हार्लेमसारखी काही विरळा हिमोग्लोबिनंही एससारखीच गढूळ होतात. जनुक तपासणीकडे जायचं ते मोजक्या ठिकाणी: एसएस की एस-बीटा शून्य थॅलेसेमिया (ए मुळीच न बनू देणारा) हा घोळ आई-वडिलांच्या तपासणीनंतरही सुटत नसेल तेव्हा, किंवा गर्भाची तपासणी करायची असेल तेव्हा.

हाताच्या तळव्यावर मावणाऱ्या नव्या पट्ट्यांबद्दल आमचं मत बरं आहे, पण आंधळं नाही. प्रतिपिंडांवर चालणाऱ्या सिकल स्कॅन, हिमोटाइप-एससी यांसारख्या पट्ट्या थेंबभर रक्तात ए, एस आणि सी वेगळे दाखवतात, म्हणजे वाहक आणि रुग्ण यांतला फरक जागेवर कळतो. एफचं राज्य असतानाही त्या एस शोधू शकतात, त्यामुळे लहान बाळांसाठी त्या सोल्युबिलिटीपेक्षा कितीतरी उजव्या. तरी एसएस आणि एस-बीटा शून्य थॅलेसेमिया त्यांना सारखेच दिसतात, आणि थॅलेसेमियाचा वाहक त्यांना दिसतच नाही. आणखी एक व्यवहारातली अडचण: हिमोटाइप-एससीवर रेघ उमटली की ते हिमोग्लोबिन नाही, आणि रेघ गायब झाली की ते आहे, असा उलटा हिशेब असतो. गरोदरपणाची किंवा मलेरियाची पट्टी वाचायची सवय झालेल्या डोळ्याला हे पटकन उलटं पडतं. प्रशिक्षणात निदान पन्नासेक पट्ट्या वाचून घेतल्याशिवाय कुणालाही शिबिरात बसवू नये.

‘हे सगळं खरं, पण खेड्यापाड्यात एचपीएलसी आणायची कुठून?’ हा आक्षेप रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र टेस्ट स्वस्त करण्यात नाही, नमुना हलवण्यात आहे. यंत्र गावात न्यायची गरजच नाही. ईडीटीए ट्यूबमधलं रक्त २ ते ८ अंशांवर आठवडाभर एचपीएलसीच्या कामाचं राहतं. गाळणकागदावर वाळवलेला ठिपका तर त्याहून सोयीचा. मुख्य म्हणजे टोचायचं एकदाच. ‘पॉझिटिव्ह निघालात, आता अमुक दिवशी मोठ्या दवाखान्यात या’ असं सांगितलं, की कितीतरी जण येत नाहीत. मजुरी बुडते, प्रवास परवडत नाही, किंवा भीतीने पावलंच उचलत नाहीत. त्यांच्यापाशी उरतो तो फक्त कच्चा कागद, आणि तोच पुढे आयुष्यभर निदान म्हणून मिरवतो. त्यापेक्षा पहिल्याच वेळी दोन मिलिलिटर रक्त ट्यूबमध्ये घ्यावं. सोल्युबिलिटी करायचीच असेल तर त्याच ट्यूबमधून करावी, निकाल वहीत ठेवावा, ट्यूब पुढे पाठवावी. आणि फक्त पॉझिटिव्हच पाठवायच्या, हा मोह आवरावा. थॅलेसेमियाचे आणि डीचे वाहक निगेटिव्ह नळ्यांतच बसलेले असतात. सगळ्याच ट्यूब पाठवणं शक्य नसेल, तर निदान गरोदर स्त्रिया, लग्न ठरत आलेले तरुण-तरुणी, रुग्णांचे नातेवाईक आणि रक्त कमी असलेले सगळे यांच्या ट्यूब निकाल काहीही असो, गेल्याच पाहिजेत.

सोल्युबिलिटी टेस्ट एकटी चालेल अशी एक वेळ आम्ही मान्य करतो: तातडीची शस्त्रक्रिया. भूल द्यायची आहे, एचपीएलसीला उद्यापर्यंत वेळ नाही, तर नळी, रक्तगणना आणि काचपट्टीवरच्या पेशी एकत्र पाहून भूलतज्ज्ञ सावध राहू शकतो. पण तिथे तो निर्णय त्या रात्रीपुरता असतो. कार्डावर लिहायला नसतो.

नवजात बाळांची तपासणी हा तर या सगळ्यापेक्षा मोठा सार्वजनिक प्रश्न, आणि तिथे गढूळ नळीला मुळीच जागा नाही. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत २१५ लहान रुग्णांपैकी ज्यांना रोज पेनिसिलिन दिलं, त्यांच्यात न्यूमोकॉकस या जिवाणूचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटले. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्या वेळेआधीच थांबवली गेली. पुढच्याच वर्षी सर्व नवजातांची तपासणी करण्याची शिफारस तिथे झाली. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या वाळलेल्या ठिपक्यावरून हे काम होतं, आणि बाळाला रक्त चढवायची वेळ आली तर ठिपका आधी घ्यायचा असतो. मोठ्यांच्या शिबिरांत लाखांचे आकडे गाठण्यासाठी जी यंत्रणा राबते, तिचा मोठा हिस्सा प्रसूतिगृहांकडे वळवला तर प्रत्यक्ष जीव वाचतील. औषध आणि लस पहिल्या काही महिन्यांतच सुरू व्हायला हवी असते.

शेवटी कागदावर काय लिहायचं, याचा आग्रह. फक्त नळी झाली असेल तर व्यक्तीच्या हाती अहवाल नको, एवढीच पोच हवी: ‘नमुना घेतला, निश्चित निकाल बाकी.’ निश्चित अहवालावर वापरलेल्या दोन्ही पद्धतींची नावं, ए, एफ, ए-२ आणि एस यांची टक्केवारी, रक्तगणना, वय, आणि गेल्या चार महिन्यांत रक्त चढवलं होतं की नाही, हे असावं. उत्तर ठरत नसेल तर ‘ठरलं नाही’ हा रकानाही असावा. तो नसला की तंत्रज्ञ नाइलाजाने दोनपैकी एका चौकटीत खूण करतो. कार्यक्रमाच्या प्रगतीपुस्तकातही किती लोकांचं बोट टोचलं याऐवजी किती लोकांना दुसऱ्या पद्धतीने पक्का झालेला निकाल समजावून सांगितला, तो आकडा छापावा. त्याच्या शेजारी तपासून पाहिलेल्या निगेटिव्ह नळ्यांचा आकडा हवा: दर खेपेला विसात एक निगेटिव्ह नमुना एचपीएलसीवर घालून त्यातले किती चुकले, याचा.